गाठवलेले मोती

आमच्या आयांच्या पिढीत तन्मणी घरात एकच असायचा, आणि तो सासूबाईंच्या कपाटात. लग्नकार्याला घालायचा तर आधी विचारायचं, परतल्यावर त्याच रात्री परत द्यायचा. नवरा गेला की गळ्यातला मोती उतरायचा तो कायमचा.

आज मुली स्वतःच्या पगारातून चिंचपेटी घेतात, हवी तेव्हा घालतात, कुणाला विचारत नाहीत. हे फार चांगलं झालं.

तेव्हाच्या मोत्याला बसऱ्याचा म्हणायचे. तो आखातातला, पाणबुड्यांनी श्वास रोखून तळातून आणलेला. मुंबईच्या बाजारात चाळण्यांतून आकारावार निवडला जायचा आणि मग गावोगावच्या सराफांकडे पोचायचा. 1893 मध्ये जपानच्या मिकिमोतोंनी शिंपल्यात मोती वाढवून दाखवला. 1930 च्या दशकात जागतिक मंदी आणि हे नवे मोती यांच्यापुढे आखातातला धंदा बसला. आता बहुतेक माळा चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या मोत्यांच्या. स्वस्त, एकसारख्या, कुणालाही परवडतील अशा. आणि त्यांच्यासाठी कुणाला जीव धोक्यात घालावा लागत नाही.

तरी गाठवणं कमी झालं याची हळहळ वाटतेच. रेशीम सैल पडलं की आई तन्मणी घेऊन पटवेकऱ्याकडे जायची आणि काम संपेपर्यंत समोरून हलायची नाही. मोती बदलला तर? पटवेकरी जुना दोरा कापायचा, मोती पांढऱ्या फडक्यावर घरंगळायचे. पायाच्या अंगठ्यात नवं रेशीम अडकवून तो एकेक मोती ओवायचा. शेवटी गोंडा आणि सरकती गाठ. तोवर बाजूला बसलेल्या बायकांची ओळख झालेली असायची. हा आजेसासूच्या नथीतला, हे चार उरले तर लेकीच्या कुड्यांना होतील, असा एकेका मोत्याचा हिशेब निघायचा. घरातून तासभर बाहेर बसायला त्यांना तेवढंच निमित्त होतं, आणि तेही अविश्वासानं दिलेलं.

आता माळेला नायलॉनचा दोरा आणि धातूचा हूक असतो. तुटली तर नवी येते. अत्तर लावून झाल्यावर मोती घालायचे आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी काढून मऊ फडक्यानं पुसायचे, एवढं मात्र लेकींना जरूर सांगावं. घामानं आणि अत्तरानं नव्या मोत्याचंही पाणी उतरतं. आणि माळ तुटली तर मोती वेचून ठेवावेत. पटवेकरी अजून बसतात, गाठवून देतात.