शिंगरोबाच्या दारात मोटार

बोरघाट चढताना मोटारीने एकदा तरी दम टाकल्याशिवाय पुण्याला गेल्यासारखे वाटत नाही, असे आमच्या घरातली जुनी माणसे म्हणत. १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली आगगाडी घाट चढली. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि नव्या मोटारींना घाट आला कधी, गेला कधी, हेही कळेनासे झाले. पण २०१९ च्या भाऊबिजेला आमची स्वारी जुन्याच रस्त्याने निघाली; कारण मोटारही जुनीच होती.

मोटार मूळ मामाची. १९६८ साली त्याने ती घेतली आणि पुढे माझ्या वडिलांना दिली. त्या वर्षी आईने हट्टच धरला, “यंदा दादाच्या गाडीतूनच दादाकडे जायचं.” आई ब्याऐंशी वर्षांची, मामा सत्त्याऐंशीचा. अशा भाऊबिजा आणखी किती, हा हिशेब सगळ्यांच्या मनात होता. उच्चारीत कोणीच नव्हते. त्यातून मामाचा नेम असा, की बहिणीने ओवाळल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही. मधुमेह जडला तरी नेम सुटला नव्हता. म्हणून बाराच्या आत सदाशिव पेठ गाठायचीच, असे ठरवून आम्ही सकाळी पार्ल्याहून निघालो.

पनवेलपर्यंत मोटार शहाण्या मुलासारखी चालली. तिथे टाकी काठोकाठ भरून घेतली. थोडे पेट्रोल सांडले आणि त्या वासाने आईला मळमळू लागले. त्यावर मी एक लहानशी तोड काढली, झाकण घट्ट बसवले आणि पुढे निघालो.

खोपोली आली. डोंगरावरून वीजघरात उतरणारे टाटांचे ते अजस्र नळ दिसले. वरच्या तलावांचे पाणी या नळांतून कोसळते आणि खाली वीज होते. १९१५ पासून हे चालू आहे. पाणी जिथून खाली येते, तिथे आम्हाला चढून जायचे होते. खोपोली ते खंडाळा म्हणजे उंचीत पाचएकशे मीटरचा फरक.

पहिले वळण पार पडले आणि मोटारीने दोनतीन आचके दिले, खोकली आणि थांबली. मी हातब्रेक ओढला, मुलाने चाकामागे दगड लावला. बॉनेट उघडले तर इंजिन तापलेले. ऑक्टोबरचे ऊन, चढण आणि म्हातारे इंजिन! निदान सोपे वाटले. उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही, हा जुन्या गाड्यांचा प्रसिद्ध आजार. दहा मिनिटे थांबलो, चावी फिरवली, मोटार सुरू झाली. माझ्या निदानाचा मलाच अभिमान वाटला.

तो अर्धा मैलही टिकला नाही. पुन्हा आचके, पुन्हा दगड. या वेळी सौभाग्यवतीचा नवा टॉवेल भिजवून पेट्रोलपंपावर गुंडाळला. पुन्हा दहा मिनिटे. मोटार सुरू झाली आणि शिंगरोबाच्या देवळासमोर तिसऱ्यांदा थांबली. साडेअकरा वाजून गेले होते. पुण्याहून मामीचा फोन आला, “हे काही खायला तयार नाहीत. हात कापायला लागलेत.” आईने फोन घेतला, “दादा, दूध तरी घे,” म्हणाली. पलीकडून नकारच आला असावा. कारण ती फोन मांडीवर ठेवून गप्प बसली.

शिंगरोबा हा या घाटाचा राखणदार. इंग्रज साहेबांना डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा ती या धनगराने दाखवली आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी लोककथा आहे. येणारे-जाणारे चालक इथे नाणे टाकतात. असेच नाणे टाकायला उतरलेला एक वयस्क ट्रकचालक आमच्याकडे आला.

“मरताना गाडी कशी मेली? एकदम, का आचके देत?”

“सणाच्या दिवशी मेली काय म्हणतोस रे बाबा?” आई आतून म्हणाली.

“चुकलं आजी. झोपली म्हणू,” तो हसला आणि मला म्हणाला, “दिव्यासारखी फट्‌दिशी विझली तर करंट गेला समजा. कॉइल बघा, पॉइंट बघा. आचके देत थांबली तर पेट्रोल पोचंना.”

“पेट्रोलच. पण उष्णतेनं त्याची वाफ—”

“असंल. पण गाडी बरी कुठवर पळाली?”

“पनवेलपर्यंत.”

“मग पनवेलला काय केलंत?”

दीड तासात हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. मी उत्तर शोधीत होतो, तोवर त्याने कार्ब्युरेटरची नळी सोडवून बाटलीच्या तोंडात धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितले. बाटली कोरडी. मग तो मागे गेला आणि त्याने टाकीचे झाकण फिरवले. ‘सुऽऽस्’ करून टाकीने असा श्वास ओढला, की आईही दचकली. पुन्हा सेल्फ मारला, तर बाटलीत पेट्रोलच्या पिचकाऱ्या.

झाकणाखालून त्याने माझी तोड बाहेर काढली. प्लास्टिकची पिशवी! आईला वास लागू नये म्हणून मीच ती टाकीच्या तोंडावर ताणून वर झाकण दाबले होते. राज्यात २०१८ पासून बंदी असलेली वस्तू, तीही अशा कामाला.

झाकणाला एक बारीक भोक असते. जेवढे पेट्रोल जाईल तेवढी हवा त्यातून आत यायला हवी. नाहीतर टाकीत पोकळी होते आणि पंपाने कितीही ओढले तरी थेंब येत नाही. सपाटीवर खर्च थोडा, म्हणून पिशवीच्या कडेने झिरपणारी हवा पुरत होती. चढणीला खर्च वाढला आणि ती अपुरी पडली. दहा मिनिटे थांबलो की तेवढी हवा आत झिरपे आणि मोटार सुरू होई. मी समजत होतो, इंजिन निवले! दोन आजारांचे औषध एकच असले, की वैद्य असा फसतो.

त्या गृहस्थाने पैसे घेतले नाहीत. आईने दिलेला करंज्यांचा डबा मात्र घेतला आणि आईच्या पाया पडून गेला. आम्ही शिंगरोबापुढे नाणे ठेवले. अमृतांजन पुलाखालून गेलो तेव्हा मोटार गुणगुणत होती.

पुण्याला पोहोचायला दीड वाजला. मामा पाटावर बसूनच होता, चेहरा उतरलेला. आईने थरथरत्या हाताने ओवाळले, पहिला घास स्वतः भरवला. तो गिळून मामाने विचारले, “घाटात किती वेळा थांबलात?”

“तीनदा.”

“मग ठीक आहे,” म्हणाला.

२०२० च्या एप्रिलमध्ये तो जुना अमृतांजन पूल पाडला. त्या वर्षीची भाऊबीज फोनच्या पडद्यावर झाली आणि पुढच्या पावसाळ्यात मामा गेला. समोर बसवून ओवाळलेली भाऊबीज तीच शेवटची.

त्या खेपेला परतताना मी पुन्हा पेट्रोल भरले. वास सुटला. मी काळजीने मागे पाहिले, तर आई नाकाला पदर लावून म्हणाली, “येऊ दे वास. तिला श्वास घेऊ दे.”