चौदा इंची

वीतभर मूठ, तिच्यावर आडवी चौदा इंची पितळी पट्टी आणि पट्टीतून जेमतेम बाहेर डोकावणारी काळ्या रबराची धार. एवढाच तिचा ऐवज. आपल्याकडे फरशीवरचं पाणी ओढणारा वायपर असतो, त्याच्याच कुळातली ही; पण त्याच्याशी बरोबरी केलेली तिला खपणार नाही. इंग्लंडात तिला स्क्वीजी म्हणतात. रेडिंगमधल्या आमच्या रस्त्यावर ती आली ती एका पंधरा वर्षांच्या पोराच्या कमरेला लटकून. त्याने शनिवारी खिडक्या पुसायचा राउंड सुरू केला होता. ठरलेली घरं, ठरलेला क्रम, दर सहा आठवड्यांनी फेरी. पैसे लिफाफ्यात नाहीतर आईच्या खात्यावर. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या दारोदार टाकून त्याने गिऱ्हाइकं जमवली. शिडीला घरून सक्त मनाई, म्हणून सगळी घरं बैठी, आणि बैठ्या घरांत राहणारी माणसं बहुतेक सत्तरीपुढची.

या देशात खिडक्या पुसणं हा धंदा होऊ शकतो, कारण इथली तावदानं बाहेरच्या बाजूला उघडतात. आतून कितीही वाकलं तरी बाहेरची काच धड हाताला लागत नाही. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "गज नाहीत, जाळी नाही, आणि कुणाचं कोण पोरगं खुशाल काचेला नाक लावून उभं!" मग तिने त्याची पद्धत निरखली आणि निकाल दिला, "त्याला म्हणावं, रद्दीचा बोळा घे ओला करून. लख्ख निघते." हा निरोप मी पोचवला नाही. स्क्वीजीच्या कानावर गेला असता तर तिने रबर वाकडं केलं असतं.

खरं म्हणजे साफ करणं हे तिचं काम नव्हेच. मळ सोडवायचा तो साबणाच्या पाण्याने आणि दांडीवर चढवलेल्या लोकरी गवसणीने. हिने यायचं ते शेवटी, आणि पाणी उचलून न्यायचं, थेंबही मागे न ठेवता. रेडिंगच्या नळाला खडूच्या टेकड्यांमधून झिरपलेलं जड पाणी येतं; ते काचेवर सुकलं की पांढरे ठिपके राहतात. म्हणून उन्हाशी तिचं हाडवैर. सकाळी पूर्वेच्या खिडकीला हात लावायचा नाही, असा तिचा दंडक. पोराला वाटतं राउंड त्याचा आहे; कुठल्या घरी किती वाजता जायचं, हे मात्र ती ठरवते.

आणि तिचं सोवळं! काचेच्या वरच्या कडेला आधी फडक्याने बोटभर पट्टा कोरडा करून द्यायचा, तेव्हा ती निघणार. ओल्यावरून सुरुवात केली की वरून ओघळ येणार. प्रत्येक फेरीनंतर तिची धार पुसायची. दुसरी फेरी पहिलीवर दोन बोटं चढवून घ्यायची. मूठ फार उभी धरली तर ती थरथरत कुरकुरते, फार आडवी केली तर पाणी निसटू देते. रबर पट्टीच्या दोन्ही टोकांना किंचित बाहेर हवं, नाहीतर कोपरे कोरडे होत नाहीत. आणि त्या रबराला कुठे केसभर खाच पडली, की काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक रेघ. सुरुवातीला पोराने अशा रेघा फडक्याने घासून दडवल्या. ढग होते तोवर दडल्या. ऊन पडताच समोरच्या आजीबाईंच्या बैठकीची खिडकी वहीच्या पानासारखी आखलेली दिसायला लागली. त्या काही बोलल्या नाहीत, पैसेही दिले. पोरगाच परत आला आणि खिडकी पुन्हा पुसून गेला. चूक झाकायला मदत न करणारं हत्यार शिकणाऱ्याला फार बरं, असं माझं मत आहे. शाळेतल्या गुणपत्रिकेला हा सरळपणा जमत नाही.

घराणं तिचं दर्यावर्दी. जहाजाच्या डेकवरचं पाणी आणि चिकटा ओढणं हा मूळ पेशा. 1851 सालच्या 'मोबी डिक'मध्ये तिच्या कातडी पूर्वजाचा उल्लेख सापडतो. पुढे अमेरिकेत ती पोलादाची झाली, अंगाने जड, दोन रबरांची, आणि रबर बदलायचं तर डझनभर स्क्रू सोडवा. एट्टोरे स्टेकोने नावाच्या, इटलीहून आलेल्या आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये खिडक्या पुसणाऱ्या माणसाने 1936 साली तिला आजचं रूप दिलं: हलकं पितळ, एकच धार. त्याच वर्षी इंग्लंडात जॉर्ज फॉर्म्बीचं खिडक्या पुसणाऱ्याचं गाणं आलं. शिडीवरून लोकांच्या घरात काय काय दिसतं याचं ते चावट वर्णन, आणि बीबीसीला ते झेपलं नाही. स्क्वीजीच्या लेखी ही शुद्ध बदनामी. ती काचेकडे बघते, काचेतून नाही. पोरालाही तिने तेच वळण लावलं आहे. पलीकडे कुणी तोंड उघडं टाकून टीव्हीसमोर झोपलेलं असतं, कुणी गोळ्यांचे डबे मांडून बसलेलं. याची नजर पाण्याच्या सरकत्या कडेवर. नजर क्षणभर हलली तर रेघ पडते, हे त्याला ठाऊक आहे.

एकदा मात्र त्याने आगाऊपणा केला. एसेक्सच्या टेरी बरोझने 2009 साली प्रत्येकी 114.3 सेंटिमीटर चौरस अशा तीन खिडक्या 9.14 सेकंदांत पुसल्या, तो विक्रम याने बघितला होता. तसा नागमोडी हात, धार काचेवरून न उचलता, आमच्याच खिडकीवर करून पाहिला. दुसऱ्याच वळणावर तिने सगळं पाणी त्याच्या बुटात सोडलं.

तिचे शत्रूही आहेत. चौकटीत लहान लहान काचा बसवलेली जुन्या धाटणीची दारं दिसली की ती हात टेकते. चौदा इंच तिथे मावतच नाहीत, तिथे फडकं. दुसरा शत्रू व्हॅनमधून येतो. लांब दांड्याच्या टोकाला ब्रश, आणि क्षार काढून टाकलेलं पाणी. घासायचं, खळबळायचं आणि तसंच सुकू द्यायचं. डाग पडत नाहीत. 2005 सालच्या उंचीवरच्या कामाच्या नियमांनंतर ही पद्धत इथे फोफावली, आणि दुमजली घरं बहुतेक व्हॅनवाल्यांकडेच गेली. पाणी काचेवर तसंच सोडून निघून जाणं स्क्वीजीला निव्वळ अनाचार वाटत असणार. पण त्या व्हॅनवाल्याला बैठ्या घरांत गोडी नाही. परवा तोच पोराला म्हणाला, पलीकडच्या गल्लीतली चार तूच घे.

चार घरं म्हणजे आणखी अर्धा शनिवार. पोराच्या आईने परीक्षेचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं आहे, आणि शिडीचा विषय घरात पुन्हा निघतो आहे. स्क्वीजीला त्याच्याशी काही कर्तव्य नाही. तिच्या रबराची एक कड झिजून उलटून झाली आहे, दुसरीला कोपऱ्यात खाच दिसते आहे, आणि नवं रबर आणल्याशिवाय ती पलीकडच्या गल्लीत पाऊल टाकणार नाही.