खोक्याला दिलेल्या शिव्या

सारोळ्याच्या पुलावरून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. पलीकडे शिरवळच्या एका कारखान्यात मी फिटर आहे. तिथे यंत्राचा सेफ्टी स्विच कुणी डायरेक्ट केलेला दिसला, तर मी यंत्र बंद करून सुपरवायझरला हाक मारतो. तोच गुन्हा मी घरी केला आणि तीन आठवडे शहाणपणा म्हणून मिरवला.

आमच्या बाथरूमचा दिवा बटण बंद केलं तरी रात्रभर मिणमिणायचा. एलईडी हलका निघाला, असं म्हणून मी तो दोनदा बदलला. आषाढात आणखी एक खोड सुरू झाली. बाथरूममध्ये कुणी नसायचं, एक्झॉस्ट फॅनचं बटण बंद असायचं, पण आईने स्वयंपाकघरात मिक्सर लावला की मीटरजवळची ईएलसीबी खट्‌कन पडायची. मिक्सर शेजाऱ्यांकडे लावून पाहिला, ठणठणीत. बाथरूमच्या फॅनला टेस्टर लावला. बटण चालू केल्यावर फेजला पेटला, न्यूट्रलला नाही. म्हणजे तिथेही सगळं नीट. मग दोष त्या खोक्याचाच! त्याला चार शिव्या हासडल्या आणि वायरी वळसा घालून सरळ जोडून टाकल्या. लाइट जायची थांबली. "अगं, एमसीबी आहे की," असं आईला वर ऐकवलं.

श्रावणात मोटारीच्या कामाला वायरमन आला. बोर्ड उघडून त्याने एवढंच विचारलं, "दादा, हे कुणी केलं?"

मी गप्प. त्याने मेन स्विच पाडला, ईएलसीबी पुन्हा जोडली आणि एकेका खोलीच्या फेज-न्यूट्रल दोन्ही वायरी सोडवत गेला. बाथरूमच्या सोडल्या आणि मिक्सर चालला. मग शिडी लावून त्याने फॅन उतरवला. झडपेतून पाऊस आत येत होता. न्यूट्रलची काळी वायर लोखंडी फ्रेमला घासून सोलली होती आणि ओलीचिंब होती.

बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे मिक्सरचा परतीचा करंट थोडा त्या सोललेल्या जागेतून फ्रेमवर आणि तिथून अर्थिंगला जायचा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा हिशेब ईएलसीबी सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपियरची तूट आली की ती पडते. टेस्टरला यातलं काहीच दिसत नाही.

दिव्याचं कोडंही तिथेच सुटलं. घर बांधताना ज्याने फिटिंग केलं, त्याने दिव्याचं बटण न्यूट्रलवर घेतलं होतं. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत. ओल्या फरशीवर उभं राहून दोनदा दिवा बदलणारा मीच!

वायरमन गेल्यावर मी कागदावर आकडे मांडले. ९ वॉटचा दिवा साधारण ४० मिलिअँपियर घेतो. एवढाच करंट अंगातून वाहत राहिला तरी जीव जाऊ शकतो. माझी एमसीबी ६ अँपियरची, म्हणजे ६,००० मिलिअँपियरची. ती वायर जळू नये म्हणून असते. माणूस तिच्या हिशेबातच नाही. माणसासाठी होती ती मी काढली होती, आणि काळ्याऐवजी लाल वायर सोलली असती तर त्या फ्रेमखाली रोज अंघोळ करणारी आई होती. कारखान्यात मी सेफ्टी पाळत होतो की नुसता सुपरवायझरला घाबरत होतो, हे मला तेव्हा समजलं.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी ईएलसीबीचं टेस्टचं बटण दाबतो. खट् होतं, घर अंधारतं, आईची मालिका ऐन रंगात थांबते. मग पूर्वी मी त्या खोक्याला द्यायचो, जवळपास त्याच शिव्या आई मला देते. मुकाट खातो.