दुसऱ्या टोकाचे एकवीस

बेसबॉलचा सामना मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तोही आमच्या वणीच्या घरात, एका उपदेशकाच्या हातवाऱ्यांमधून.

त्याचं असं झालं. बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि आमचं दर रविवारी नाशिकला उपासनेला जाणं थांबलं. वणीत ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली दोन-तीन बोटं बदलीच्या नोकरीतली. तेव्हा नाशिकच्या पाळकसाहेबांनी महिन्यातून एकदा आमच्याच घरी प्रार्थनासभा घ्यायचं ठरवलं. एका महिन्यात त्यांच्याबरोबर एक पाहुणे उपदेशक आले. ते सहा महिने अमेरिकेत राहून आले होते. माणूस सहा महिने अमेरिकेत राहिला, की पुढची सहा वर्षं अमेरिका त्याच्यात राहते, हा नियम आहे.

"प्रिय बंधुभगिनींनो," त्यांनी सुरुवात केली, "ख्रिस्ती जीवन हे बेसबॉलच्या मैदानासारखं आहे."

बंधुभगिनी गप्प. आमच्या बैठकीत त्या वेळी एकूण चौदा माणसं होती आणि त्यांपैकी एकानेही बेसबॉल पाहिलेला नव्हता. उपदेशकांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी आमच्या उशा उचलल्या, त्यांचे चार तळ मांडले, आणि बाबांची आधाराची काठी घेऊन ते स्वतः फलंदाज झाले. चेंडू मारायचा, पहिल्या उशीकडे पळायचं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि शेवटी जिथून निघालो तिथेच परत यायचं. त्या जागेला म्हणायचं होम. होमला पोचलं तरच धाव धरतात. तिसऱ्या उशीपर्यंत जाऊन अडकलेल्याला शून्य.

आईला राहवलं नाही. "म्हणजे एवढं पळून शेवटी घरीच यायचं? मग बाहेर पडायचंच कशाला?"

"शाब्बास!" उपदेशक आनंदाने उडाले आणि काठी ट्यूबलाइटला लागता लागता राहिली. "हाच तर उधळ्या पुत्राचा दाखला!"

मग त्यांनी बिली संडेची गोष्ट सांगितली. हा माणूस खरोखरच होऊन गेला. १८८०च्या दशकात तो शिकागोकडून बेसबॉल खेळायचा आणि तळ चोरण्यात पटाईत होता. ('तळ चोरणे' हा बेसबॉलमधला कायदेशीर प्रकार आहे, हे दोनदा सांगावं लागलं.) पुढे तो खेळ सोडून सुवार्तिक झाला आणि अमेरिकाभर गाजला. ज्याचं आडनावच रविवार, तो दुसरीकडे जाणार तरी कुठे!

शेवटचा मुद्दा मात्र माझ्यातल्या कारकुनाला भिडला. बेसबॉलमध्ये कधी कधी फलंदाज चेंडू मुद्दाम हळूच समोर ढकलतो. तो स्वतः बाद होतो, पण त्याचा सोबती एक तळ पुढे सरकतो. धावपुस्तकात त्याची अधिकृत नोंद होते 'सॅक्रिफाइस', म्हणजे बलिदान, आणि त्या बाद होण्याने त्याची सरासरी घसरत नाही. आमच्या बँकेत बुडीत खात्याला इतकं पवित्र नाव कुणी दिलेलं नाही. आम्ही त्याला निर्लेखन म्हणतो.

उपदेश संपला, चहा झाला, उशा जागेवर गेल्या. मला मात्र मनात हसू येत होतं. आमचं घराणं मूळचं नगरकडचं. तिकडे धर्म आणला तो अमेरिकन मराठी मिशनने. ते लोक १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आले. त्यांनी शाळा आणल्या, छापखाना आणला, गीतं आणली. बेसबॉल आणला नाही, कारण त्याचे नियमच १८४५ साली प्रथम लिहिले गेले. चाळीसेक वर्षं उशिरा निघाले असते, तर आज आमच्या मैदानावर चार उशा असत्या. तसं झालं नाही. म्हणून आम्ही धर्म घेतला अमेरिकनांचा आणि खेळ घेतला इंग्रजांचा. दोन्ही इतके आपले करून टाकले, की मूळ मालकांना ओळखू येऊ नयेत.

बाबा तर दोन्हींत फरकच करत नसत. ते शाळामास्तर. घरात शुभवर्तमानं चार आणि पाचवं विजय हजारे. (आई असं म्हणू देत नसे.) हजारे सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, मास्तरांचाच मुलगा, म्हणजे बाबांच्या हिशेबी जवळजवळ नातेवाईकच. लहानपणी रात्री प्रार्थना झाली, की दिवा मालवण्याआधी आम्हाला १९४३ सालच्या पंचरंगी सामन्याची गोष्ट मिळे. आजोबांनी तो सामना ब्रेबोर्नवर बसून पाहिला, असं बाबा सांगत. आजोबा मात्र सांगत, की त्यांनी तो वर्तमानपत्रात वाचला.

त्या काळी मुंबईत धर्मावर संघ असत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि पाचवा 'रेस्ट', म्हणजे इतर. कुठल्याही छापील अर्जाच्या शेवटी असतो तो रकाना. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध, जे उरले ते सगळे त्यात. अंतिम सामना हिंदूंशी. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंटच्या नाबाद २५०. इतर सगळे मिळून १३३. फॉलोऑन. मग दुसऱ्या डावात विजय हजारे उभे राहिले. संघाच्या ३८७ पैकी एकट्यांच्या ३०९!

"मग आपण जिंकलो?" मी दर वेळी विचारी.

"नाही. एक डाव आणि ६१ धावांनी हरलो."

"मग उपयोग काय?"

"फळ्यावर निकाल असतो," बाबा म्हणत, "पण देव धावपुस्तक वाचतो. झोप आता."

थोडा मोठा झाल्यावर दुसरा धडा मिळाला, १९४८ सालचा. ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघापुढे हजाऱ्यांनी एकाच कसोटीत दोन शतकं ठोकली, ११६ आणि १४५. असं करणारा पहिला भारतीय. निकाल? एक डाव आणि १६ धावांनी पराभव. तिसरा धडा पुण्याच्या चंदू बोर्ड्यांचा. तेही आमच्यातलेच. १९५९ साली दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या डावात १०९, दुसऱ्यात ९६ वर असताना स्वतःच्याच यष्टींना धक्का लागून बाद! "पाप बाहेरून येतं असं समजू नकोस," बाबा सांगत. "गिलख्रिस्टसारखा गोलंदाज समोर असताना माणूस पडतो तो आपल्याच पायाने." त्यानंतर बरेच दिवस मी रस्त्यानेसुद्धा पाय बघून चालत होतो.

एवढं शिक्षण होऊनही बाबा आजारी पडल्यावर मी प्रार्थना केली ती पक्क्या कर्जदारासारखी. प्रभू, बाबांचा उजवा हात चालू दे. प्रभू, वाचा परत दे. अर्ज केला, जुन्या सेवेची शिफारस जोडली, नाताळला दिलेल्या दानाचा उल्लेख जामीन म्हणून केला. महिना गेला, सहा महिने गेले. अर्ज फेटाळला असं कुणी म्हणेना आणि मंजूरही होईना. काउंटरच्या आत बसून मी रोज लोकांना "साहेब बघतील" म्हणतो. काउंटरच्या बाहेर ते कसं वाटतं हे मला तेव्हा कळलं. बाबांना शब्द सापडत नसत. दिवसातून दोन-चार यायचे, आणि तेही भलत्याच वेळी.

तर त्या बेसबॉलच्या रात्री पाहुणे गेले. आई बाबांना पेज भरवत होती. एक चमचा तोंडात, अर्धा हनुवटीवर, मग पदराने पुसणं. दिवसातून चार वेळा हे चाले, आणि त्याआधी कूस बदलणं, पाठ पुसणं, औषधं. दीड वर्ष झालं होतं. बाबांनी डावा हात उचलला आणि स्पष्ट म्हणाले, "एकवीस."

मी ताडकन उठलो. तारीख पाहिली, एकवीस नव्हती. दानाच्या ताटलीतले पैसे मोजले, चारशे साठ. एकवीस नंबरची कुठली गोळी आहे का पाहिलं.

"एकवीस," बाबा चिडून म्हणाले. हात आईकडे.

बायको म्हणाली, "लग्न एकवीस तारखेला झालं होतं का?" नव्हतं.

आई चमचा वाटीत ठेवून हसायला लागली. दीड वर्षात पहिल्यांदा. "अरे, ते विवेकच्या धावा सांगताहेत. पन्नास वर्षं तीच गोष्ट ऐकतेय, मला नाही कळणार?"

तेव्हा मला आठवलं. ३०९ च्या त्या डावात विजय हजाऱ्यांबरोबर त्यांचा भाऊ विवेक खेळत होता. दोघांची भागीदारी झाली ३०० धावांची. त्या तीनशेंत विवेकचे किती? एकवीस. बाकीचा वेळ तो काय करत होता? उभा होता. चेंडू अडवत होता, एक धाव काढून भावाला समोर आणत होता, बाद होत नव्हता. तो गेला असता तर ३०९ झालेच नसते. लहानपणी बाबा हा आकडा सांगत आणि मी तो ऐकता ऐकता झोपी जाई. एकवीस ऐकायला कोण जागा राहणार? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एका बाजूला मोठी रक्कम जमा दिसली, की समोर कुणाच्या तरी नावे पडलेली असते, हे पहिल्या वर्षाला शिकलो होतो. घरात ते कधी लावून पाहिलं नव्हतं. बाबांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीचा सत्कार झाला तेव्हा हार एकच आणला होता.

आणि आई काय म्हणाली? तिने पुन्हा चमचा उचलला आणि म्हणाली, "इतकं सगळं करून एकवीसच?"

बाबांचा अर्धा चेहरा हसला. उरलेल्या अर्ध्याचं आम्ही समजून घेतलं.

त्यानंतर माझी प्रार्थना बदलली. शास्त्रात मोशेची लढाई आहे. त्याचे हात वर असले की इस्राएल जिंके, खाली आले की अमालेकी वरचढ होत. शेवटी अहरोन आणि हूर दोन बाजूंना उभे राहिले आणि त्यांनी हात धरून ठेवले. त्या दोघांनी तलवार उचलली नाही, त्यांच्या नावावर एक शत्रू नाही. मी अर्ज मागे घेतला. म्हटलं, प्रभू, निकाल तुझा तू बघ. मला दुसऱ्या टोकाला उभं राहता येऊ दे. दुसऱ्या दिवशी पेजेची वाटी मी घेतली. पहिल्या चमच्यालाच अर्धी पेज माझ्या मनगटावर. आई शेजारी बसून "अडव, नुसता अडव, घाई नको" असं सांगत होती.

बाबा बरे झाले नाहीत. पुढच्या चैत्रात, पौर्णिमेच्या थोडं अलीकडे ते गेले. गडावरची चैत्री यात्रा आणि आमचा ईस्टर बहुतेक वर्षी एकाच चंद्राच्या भरवशावर असतात. नाशिककडून पायी गडावर जाणाऱ्यांसाठी आई दर चैत्रात दारात पाण्याचा माठ ठेवते. त्या दिवशी आमच्या घरात माणसं जमलेली, आणि माठाकडे बघणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी बाहेर आलो तर माठ भरलेला. शेजारच्या वहिनी दिवसभर तिथे उभ्या होत्या. आम्हाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

आता आई क्रिकेट बघते. जिने जन्मभर "काय तो एकच चेंडू चार वेळा दाखवतात" म्हणून टीव्ही बंद केला, ती आता आयपीएलला चष्मा पुसून बसते. कुणी षटकार मारला की माझा मुलगा नाचतो, मी टाळ्या वाजवतो, पडद्यावर त्या फलंदाजाचा चेहरा चारी बाजूंनी दाखवतात. आई मात्र दर वेळी तेच विचारते.

"ते असू दे. दुसऱ्या टोकाला कोण आहे रे?"

मला बहुतेक वेळा सांगता येत नाही. मग आम्ही तिघं पुढच्या चेंडूची वाट बघतो.