मैलांच्या तिकिटावर दुबई

आमच्या घरात विमानाचा पहिला प्रवास धाकट्या मुलाने केला. तोवर आमचे सर्वांत लांबचे जाणे म्हणजे नागपूर, आणि तेही सेवाग्राम एक्स्प्रेसच्या साध्या डब्यातून. धाकटा वेल्डर आहे. अंबरनाथच्या एका कारखान्यात काम शिकला आणि पुढे तेलाच्या रिगवर लागला. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या समुद्रात त्याची रिग आहे. पाच आठवडे पाण्यावर, पाच आठवडे घरी. मुंबई ते दुबई, दुबई ते अक्रा, आणि त्याच वाटेने परत. तिकीट कंपनी काढते. वर्षातून चार-पाच वेळा तो दुबईवरून जातो आणि तितक्याच वेळा येतो, पण "दुबई कशी आहे रे?" असे विचारले की म्हणतो, "पप्पा, मला फक्त तिथल्या विमानतळावरच्या खुर्च्या माहीत आहेत."

थोरली मुलगी मात्र दुबईतच असते. खासगी इस्पितळात ती नर्स आहे आणि जावई एका गोदामात हिशोबनीस. २०२४ च्या पावसाळ्यात तिने फोन केला. डिसेंबरअखेर बाळंतपण होते. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिथल्या कायद्याने खासगी नोकरीत बाळंतपणाची रजा ६० दिवस, त्यातले ४५ पूर्ण पगाराचे आणि १५ अर्ध्या पगाराचे. एवढ्या रजेत इकडे येऊन, तान्हे घेऊन परत जायचे, हे जमणारे नव्हते. "आई, तूच ये. पप्पांनाही आण," एवढेच ती म्हणाली. आम्ही डिसेंबरचे भाडे विचारले आणि गप्प बसलो. नाताळच्या दिवसांत भाडे नेहमीच्या कितीतरी वर गेलेले असते. दोघांचे जाणे-येणे म्हणजे आमच्या पेन्शनचे कित्येक महिने.

धाकटा तेव्हा घरी होता. तो म्हणाला, "माझ्या खात्यात मैल पडून आहेत. त्यातले बरेचसे ऑक्टोबरअखेर बुडणार आहेत." आम्हाला वाटले, पोरगा थट्टा करतो. मैल कधी खात्यात पडतात का?

तर वाचक बंधू-भगिनींनो, हे मैल काय प्रकरण आहे ते आधी सांगतो, कारण आपल्यातली कितीतरी मुले आज आखातात, जहाजांवर, रिगवर जातात-येतात आणि त्यांना याची खबर नसते. चहाच्या पुड्यांची रिकामी पाकिटे जमवून कप मिळवलेला आपल्याला आठवत असेल. तसेच हे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने ही योजना मोठ्या प्रमाणावर काढली. जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर जमा, आणि पुरेसे जमले की त्यावर तिकीट. पुढे जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. आता बहुतेक ठिकाणी अंतरापेक्षा भाड्याकडे पाहून मैल देतात. स्वस्तातल्या तिकिटाला थोडे, महागाच्या तिकिटाला जास्त.

धाकटा ज्या एमिरेट्सच्या विमानाने जातो, त्या कंपनीच्या योजनेचे नाव स्कायवर्ड्स. ती २००० साली सुरू झाली. यात ध्यानात ठेवण्याची पहिली गोष्ट ही की तिकिटाचे पैसे मालक देवो की कंपनी देवो, मैल जमा होतात ते जो खुर्चीत बसून गेला त्याच्या नावावर. मात्र त्याने आपले नाव आधी नोंदलेले पाहिजे. नोंदणी फुकट आहे. धाकट्याने पहिली दोन वर्षे ती केली नाही. "फॉर्म कोण भरत बसणार," म्हणाला. दोन वर्षांचे मैल गेले ते गेले. नोंद असूनही एखाद्या प्रवासाचे मैल खात्यात आले नाहीत, तर सहा महिन्यांच्या आत मागता येतात. बोर्डिंग पास फेकू नये तो यासाठी.

दुसरी गोष्ट, मैल नासतात. या योजनेत मैल तीन वर्षे टिकतात आणि ज्याचे खाते त्याच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस मुदत संपते. धाकटा ऑक्टोबरचा. म्हणून ती घाई. पण मुदतीच्या आत तिकीट काढले की झाले. प्रवास पुढच्या महिन्यातला असला तरी चालतो. आणि तिकीट स्वतःचेच काढावे असेही नाही. आई-बापाचे काढता येते.

एका रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तिघे वही घेऊन बसलो. मैलांचा दर मोबाइलवर रोज वेगळा दिसतो, म्हणून आमचे आकडे न देता हिशोबाची रीत सांगतो. समजा, रोख तिकीट २४,००० रुपयांचे आहे. तेच मैलांवर घेतले तर ३०,००० मैल जातात आणि वर ६,००० रुपये कर व इतर आकार रोख भरावे लागतात. फुकट तिकीट म्हणतात ते पूर्ण फुकट नसते, हे इथे कळते. मग २४,००० मधून ६,००० वजा करा. उरले १८,०००. त्याला ३०,००० ने भागा. एका मैलाला ६० पैसे आले.

आता दुसरा मार्ग. मैलांवर दुकानातल्या वस्तू किंवा खरेदीची कुपने मिळतात. समजा, १०,००० मैलांना २,००० रुपयांचे कुपन. म्हणजे मैलाला २० पैसे. एक तृतीयांश भाव. मिक्सर-घड्याळाच्या मोहात मैल घालवू नयेत, ते याकरिता.

तिसरा मार्ग धाकट्याच्या मनातला होता. साध्या वर्गाच्या तिकिटावर मैल भरून पुढच्या, आडवे झोपता येईल अशा वर्गात जागा मिळते. समजा, त्या वर्गाचे भाडे ४०,००० ने जास्त आणि त्यासाठी ४०,००० मैल. एका मैलाला पुरता एक रुपया! वहीवर हाच सौदा सर्वांत चांगला दिसत होता. धाकटा काही बोलला नाही, पण दुबई-अक्रा हा सुमारे आठ तासांचा प्रवास तो गेली सहा वर्षे मागच्या रांगेत गुडघे दुमडून करतो आहे, हे आम्हाला ठाऊक होते.

मुलांची आई शाळा सातवी. ती वहीकडे बघून म्हणाली, "ते चाळीस हजार तू खिशातून कधी दिले असतेस का?" धाकटा म्हणाला, "नाही." "मग जे आपण देणारच नव्हतो, ते वाचले कसे म्हणायचे? तिकिटाचे पैसे मात्र आपण उसने काढून का होईना दिलेच असते. वाचले ते हे."

आम्ही आयुष्यभर कारखान्यात मापे घेतली, पण हे माप आम्हाला सुचले नव्हते. मैलाचा भाव कागदावर किती निघतो हे पाहावेच. पण तो भाव आपल्या खऱ्या गरजेशी ताडून पाहावा. धाकट्याने त्याच रात्री आमची तिकिटे पाहायला घेतली.

मैलांच्या जागा दर विमानात मोजक्याच असतात. २० डिसेंबरला जागा नव्हती, १० डिसेंबरला होती. तारीख दहा दिवस पुढे-मागे करायची तयारी असेल त्यालाच मैल पावतात. परतीची तारीख धाकट्याने स्वतः निवडली, २८ जानेवारी. त्याचे कारण तेव्हा त्याने सांगितले नाही.

मध्यंतरी स्टेशनाजवळच्या एका एजंटाने, "मैल मला द्या, रोख पैसे देतो," असे सुचवले. धाकट्याने नियम दाखवले. मैल विकणे योजनेत चालत नाही, खाते बंद होऊ शकते. आपला पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा आकडा कुणाच्या हाती देऊ नये.

आणखी एक. व्हिसा वेगळा, त्याचे पैसे वेगळे. त्यात मैल कामाला येत नाहीत. खात्यातले नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर एक असावे. ज्यांच्या पासपोर्टवर नुसते एकच नाव आहे आणि आडनावाची जागा कोरी आहे, त्यांनी आधी चौकशी करावी. नोव्हेंबर २०२२ पासून अशा पासपोर्टवर तिकडच्या भेटीच्या व्हिसाला अडचण येते.

१० डिसेंबरला आम्ही निघालो. मुंबई-दुबई हे अंतर सुमारे १,२०० मैलांचे, तीन तासांचे. मुलांची आई खिडकीशी बसली आणि पूर्ण वेळ खालचा समुद्र पाहत राहिली. "याच पाण्यावरून तो जातो होय," एवढेच दोनदा म्हणाली. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास.

मुलीचे घर करामा भागात आहे. तिथे इडली-डोसा मिळतो, थाळी मिळते, दुकानात कोथिंबीर मिळते. बाळ येईपर्यंतचे दिवस आम्ही पायाखाली शहर घातले. मेट्रो २००९ साली सुरू झाली. तिला चालवणारा माणूस नसतो. बायका-मुलांसाठी डब्याचा भाग राखून ठेवलेला असतो. डब्यात खाणे-पिणे केले तर १०० दिरहम दंड, म्हणून आम्ही चणे पिशवीतच ठेवले. टोलेजंग इमारती खालून पाहिल्या. वर जायचे तिकीट आमच्या वहीत बसत नव्हते.

आम्हाला आवडली ती खाडी. जुनी दुबई या खाडीच्या दोन्ही अंगांना वसली. एका बाजूला बर दुबई, दुसऱ्या बाजूला देरा. मध्ये लाकडी होड्या चालतात, त्यांना अब्रा म्हणतात. भाडे एक दिरहम, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे २३ रुपये. बर दुबईच्या कापड बाजारातून बसावे आणि पलीकडे मसाल्याच्या बाजारात उतरावे. त्याच्या पुढे सोन्याचा बाजार. होडीत मोकळ्या बाकावर सगळे शेजारी-शेजारी बसतात, आणि त्यांतले बहुतेक आमच्या धाकट्यासारखेच कामगार, कामावरून परतणारे. इंजिनाची धडधड, डिझेलचा वास, अंगावर वारा. भाऊच्या धक्क्याची आठवण झाली.

होडीत जावयांनी एक गोष्ट सांगितली. या बाजारात एके काळी आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. त्यांना गल्फ रुपया म्हणत. मग जून १९६६ मध्ये दिल्लीने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला ४.७६ रुपये पडत होते, ते ७.५० झाले. निर्णय दिल्लीत झाला आणि इथल्या दुकानदाराच्या गल्ल्यातल्या नोटांची किंमत घसरली. त्याच वर्षी दुबईने तो रुपया सोडला.

आम्हाला वाटले, मैलांचेही हेच आहे. मैल हे कंपनीने छापलेले नाणे. आज ३०,००० ला मिळते ते तिकीट उद्या ४०,००० ला करायचे, हे कंपनीच ठरवते, आपल्याला विचारत नाही. आणि कंपनीच बसली तर? आपल्याकडे किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ ला उडाले; तिची योजना त्याच वर्षी इंटरमाइल्स हे नाव घेऊन उरली, पण जेटची विमाने उरली नाहीत. म्हणून मैल साठवून ठेवायचे धन नव्हे. बँकेतल्या पैशाला व्याज लागते, मैलाला लागत नाही. पुरेसे झाले आणि गरज आली की वापरून मोकळे व्हावे.

२९ डिसेंबरला नात झाली. पुढचा महिना कसा गेला कळले नाही. तेल-मालीश, शेक, डिंकाचे लाडू. मुलगी रात्री निवांत झोपली, की मुलांची आई म्हणे, "वसूल झाले."

२८ जानेवारीला सकाळी आम्ही परत निघालो. विमानतळाच्या आत, फाटकापाशी पोहोचलो, तो समोर धाकटा उभा! पाच आठवडे रिगवर काढून अक्र्याहून रात्रभर प्रवास करून तो पहाटे उतरला होता. कंपनीने त्याला मुंबईचे जे विमान दिले, त्याच विमानात त्याने आमच्या मैलांच्या जागा सप्टेंबरातच धरल्या होत्या. हात भाजलेले, डोळे तांबारलेले. त्याने आम्हाला एका खांबाआडची खुर्ची दाखवली. "मी इथे झोपतो. इथे दिवा डोळ्यावर येत नाही."

मुलांची आई त्या खुर्चीवर बसली. तिने मुठीने खुर्चीचा हात दाबून पाहिला. मग पिशवीतून डिंकाचा लाडू काढून त्याला दिला आणि म्हणाली, "पुढचे मैल जमले की आमच्यासाठी काढू नकोस. एकदा आडवा झोपून ये."

"आई, तूच म्हणालीस ना, जे देणारच नव्हतो..."

"तेव्हा ही खुर्ची मी पाहिली नव्हती."

तिघे एका रांगेत बसून आलो. तो मध्ये बसला आणि विमान सुटायच्या आत झोपला.

वाचकहो, मैल हे काही कंपनीचे दान नाही. मुलांनी घरापासून लांब घालवलेल्या रात्रींचे ते सुटे पैसे आहेत. गल्ल्यावर विसरू नका. आज ज्याचा मुलगा-मुलगी विमानाने कामावर जात असेल, त्याने एवढेच विचारावे: नाव नोंदले आहे का? मुदत कधी संपते? मग वही घेऊन घरातल्या सगळ्यांनी बसावे. भाव काढावा, आणि त्यानंतर कुणाची गरज मोठी, तेही बघावे.