पुन्हा क्लॅट?

गेले पंधरा दिवस घरच्या फोनवर एकच प्रश्न येतोय.. "मग, काय ठरलं?" नागपूरच्या मामांपासून पुण्याच्या ताईपर्यंत प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलंय, कारण माझंच रोज वेगळं ठरत होतं. आता ठरलंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा, हे पक्कं होतं. दोन परीक्षा दिल्या. राज्याच्या सीईटीत नागपुरातल्या एखाद्या विधी महाविद्यालयात प्रवेश मिळेल इतके गुण आहेत. क्लॅटचा रँक मात्र २०१६ साली नागपुरात सुरू झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठापर्यंत पोचत नाही. मग वर्षभर घरी थांबून क्लॅट पुन्हा द्यायची, की मिळतंय तिथे जायचं?

दोन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा. सीईटीचे प्रश्न मराठीतही असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. क्लॅट फक्त इंग्रजीत. १२० मिनिटं, १२० प्रश्न, चुकलं की पाव गुण गेला. आणि प्रश्नांच्या आधी मोठमोठे उतारे. मराठी शाळेत शिकलेल्या मला कायदा अडत नाही, वाचायचा वेग अडतो.

मोठेबाबांचं म्हणणं, "काहून थांबतेस? वकील तर तिथूनही होतेच ना!" ते खरंच आहे. पदवी कुठलीही असो, सनदीसाठी बार कौन्सिलची परीक्षा सगळ्यांना एकच. आणि आमच्याकडे वकिलाची वाट बघणारे कमी नाहीत. बाहेरच्यांना प्रतापगड माहीत असतं ते महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे, डोंगरावरच्या महादेवामुळे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्यामुळे. एरवी इथे धान, जंगल आणि कागद! २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं, आणि आदिवासी नसलेल्यांना त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. शेजारपाजारचे लोक आलेलं पत्र माझ्याकडे वाचायला आणतात. माझी कायद्याची ओढ तिथूनच सुरू झाली.

मग पुन्हा परीक्षा हवीच कशाला? इथे मला गांधीजी आठवले. लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करताना त्यांनी तिथली मॅट्रिकही द्यायची ठरवली आणि लॅटिनमध्ये नापास झाले. पुन्हा बसले, रसायनशास्त्र सोडून उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला आणि पास झाले. पण त्यासाठी बॅरिस्टरी थांबवली नाही. तिकडच्या टर्म्स चालूच होत्या आणि १८९१ साली ते बॅरिस्टर झाले. शिवाय ते लॅटिन वाया गेलं नाही. रोमन कायदा त्यांनी लॅटिनमधून वाचला आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत, जिथे रोमन-डच कायदा होता, तो उपयोगी पडला.

यातून मला माझ्यापुरते दोन प्रश्न मिळाले. दुसऱ्या प्रयत्नासाठी काय थांबणार आहे? आणि तो फसला तर हातात काय उरणार आहे?

क्लॅट हल्ली डिसेंबरच्या सुरुवातीला होते. निकाल चांगला लागला तरी वर्ग पुढच्या वर्षीच सुरू होणार. म्हणजे घरी बसले काय नि कॉलेजात गेले काय, त्या विद्यापीठात पहिलं वर्ष मला पहिल्यापासूनच करावं लागेल. मग घरी बसून काय मिळवायचं? आणि इंग्रजी हे माझं लॅटिन. तालुक्याच्या कोर्टात मराठी चालेल, पण उच्च न्यायालयाचं कामकाज नि निकालपत्रं इंग्रजीत. रोज दोन तास उतारे वाचले तर रँक येवो न येवो, ते वाचन माझंच राहील.

तर ठरलं ते असं. सीईटीवर मिळेल त्या कॉलेजात यंदाच प्रवेश घेणार. डिसेंबरमध्ये क्लॅट एकदाच आणि शेवटची. नागपूरचं विद्यापीठ मिळालं तरच बदल, दुसऱ्या राज्यात जाणार नाही. तिथली फी वर्षाला लाखांत आहे, धानाच्या पैशात बसणारी नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाची चौकशी बाबा आताच करून ठेवताहेत. नाही मिळालं, तर दुसऱ्या वर्षाची पुस्तकं घ्यायची आणि विषय संपला.

आई एवढंच म्हणाली, "नागपूरला जाताना तांदूळ घेऊन जा." म्हणजे तिची परवानगी आहे!

असो. ज्यांनी कायदा शिकताना हे दोन्ही एकत्र केलंय त्यांनी जरूर लिहा. पहिल्या सत्राची परीक्षा आणि क्लॅट जवळजवळ आल्या तर कसं जमवलंत, ते मला हवंय.