छप्पर कोणाचे, नळ कोणाचा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळास झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील आम्हां कित्येक मराठी कारकुनांची तिकडे रवानगी झाली. सरकारी निवासस्थान लाभण्याजोगी माझी ज्येष्ठता नसल्यामुळे शहाजहान बेगमेने वसविलेल्या शहाजहानाबादेत एका जुन्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला. मालक संस्थानी नोकरीतून निवृत्त झालेले, अत्यंत अदबशीर गृहस्थ होते. सारा मोहल्ला त्यांना बडे मियाँ म्हणे. भाडेचिठ्ठीत भाड्याची रक्कम आणि घर रिकामे करण्याची मुदत एवढेच नमूद होते. दुरुस्तीविषयी तीत चकार शब्द नव्हता.

मृगापूर्वी कवेलू, म्हणजे छपराची कौले, फेरून घेणे हे भाडेकरूचे काम, असा तेथील रिवाज त्यांनी सांगितला आणि तो मी दरसाल बिनतक्रार पाळला. परंतु १९६२च्या आषाढात माजघराच्या भिंतीवरून पाणी असे उतरू लागले की, वळकट्या गुंडाळून आम्हांस स्वयंपाकघरात निजावे लागले. उघडीप मिळताच कारागीर बोलाविला. त्याने दोन कवेलू उचलून खालच्या बांबूच्या कामट्या चिमटीत दाबल्या, तो त्यांचा भुगा झाला. वाशांनाही वाळवीने आतून पोखरले होते. "बाबूजी, कवेलू तो अच्छे हैं, नीचे कुछ बचा ही नहीं," तो म्हणाला. छपराचा हा खर्च कोणाचा, या वादाचा निवाडा माझ्या मते तेथेच झाला. कारण वापराने जे झिजते ते वापरणाऱ्याने नीट करावे हे न्याय्य असले, तरी वास्तूच्या वयाने जे कुजते त्याचा भार भाडेकरूवर घालणे कोणत्याही रिवाजाने समर्थनीय ठरत नाही.

मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ याचेही म्हणणे हेच होते. घर राहण्याजोगे राखणे हे मालकाचे कर्तव्य. लेखी सूचना देऊनही वाजवी मुदतीत त्याने ते न केल्यास भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र ती वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक-द्वादशांशाहून, म्हणजे एका महिन्याच्या भाड्याहून, अधिक नसावी. ही मर्यादा डोळ्यांत तेल घालून पाळावी लागते, कारण जादा कापलेली रक्कम थकबाकी ठरू शकते आणि थकबाकी हे घर खाली करविण्याचे कायदेशीर कारण आहे. एका वकील स्नेह्याच्या सल्ल्याने मी रजिस्टर टपालाने सूचना धाडली.

दुसऱ्याच दिवशी बडे मियाँ तो लिफाफा हातात घेऊन जिना चढून आले. "आपने डाक से लिखा? आवाज़ दे देते." त्यांच्या स्वरात राग नव्हता, दुःख होते. मग त्यांनी हिशेब मांडला: माझे सबंध वर्षाचे भाडेही नव्या वाशांच्या लाकडास पुरणारे नव्हते. हे खरे होते, आणि कायद्याची उणीव मला येथेच दिसली. भाडे कायद्याने बांधलेले, लाकूड मात्र बाजारभावाने. अशा स्थितीत मालकाचे कर्तव्य कागदावर राहते आणि घर खचत जाते.

अखेर लाकूड त्यांनी घेतले, मजुरी मी दिली आणि ती मर्यादेत राहून भाड्यातून वळती केली; प्रत्येक रकमेची पावती झाली. शिवाय भाडेचिठ्ठी नव्याने लिहिली: छप्पर, भिंती, लाकूडकाम मालकाकडे, नळ, कड्या, मोरी भाडेकरूकडे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात जवळपास हीच वाटणी वाचून या वयात मला मनस्वी समाधान वाटले. रंगसफेदी आणि विजेच्या तारा त्यात मालकाकडे, नळाचे वॉशर आणि खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे दिल्या आहेत. आमच्या चिठ्ठीत मात्र बडे मियाँनी स्वहस्ते एक कलम जोडले, जे कोणत्याही परिशिष्टात सापडणार नाही आणि जे मी त्या घरात असेतो कसोशीने पाळले: पन्हाळीत उगवलेली पिंपळाची रोपे भाडेकरूने दरसाल पावसाळ्यापूर्वी मुळासकट उपटावीत.